पोरीचं कॉलेज तारण ठेवू नका

पोस्ट मोठी आहे. पण घरात आठवी ते बारावीतली पोरगी असेल तर वेळ काढून वाचा. पोरगा असेल तर दोनदा वाचा.

आपल्या भागातल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, ‘आपल्याही गावात ठराव करा.’ कसला ठराव? तर पोरींच्या हातात मोबाईल नको, आणि प्रेमविवाहाला आई-बापाची सही पाहिजे. असे ठराव नवीन नाहीत. २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या सायखेडा ग्रामपंचायतीने आई-वडिलांच्या संमतीशिवाय प्रेमविवाहाची नोंद करायची नाही असा ठराव केला. त्याच्या आधी २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या पोरांना मोबाईलबंदी केली. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेला एका महिला महाविद्यालयाच्या कार्यक्रमात पोरींना प्रेमविवाह न करण्याची शपथ दिली होती. पेपरमध्ये, टीव्हीवर गाजलं होतं ते.

ठराव करणाऱ्या माणसांची मला चीड येत नाही. त्यांच्या पोटातली भीती मला माहीत आहे, कारण ती माझ्या घरात येऊन राहून गेलीय. पण त्या भीतीवर हा इलाज नाही, असं मला अनुभवावरून वाटतं. तो अनुभव सांगतो.

आधी एक गोष्ट. हे सगळं मी माझ्या मुलीला विचारून लिहितोय. तिने वाचलं, तीन ठिकाणी काट मारली, आणि म्हणाली, “पप्पा, आता टाका.” नाव मात्र लिहिणार नाही. त्या मुलाचंही नाही.

मी कांदा आणि थोडं डाळिंब करणारा माणूस. तिची मम्मी अंगणवाडीत आहे. पोरगी २०२२ मध्ये दहावी झाली, ८६ टक्के. पेढे वाटले, बॅनर तेवढा लावला नाही. पण ती बॅच कोणती होती ते आठवा. मार्च २०२०, आठवीची परीक्षा व्हायच्या आत शाळा बंद. नववी मोबाईलवर, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा न घेताच सगळे पास. दहावीला ७५ टक्केच अभ्यासक्रम. त्या पोरांनी कष्ट केले नाहीत असं नाही, पण जी पायाभरणी व्हायची ती राहून गेली. आणि घरात मोबाईल आला तोसुद्धा ऑनलाइन शाळेसाठीच. तो आम्ही लाडाने दिलेला नव्हता.

अकरावी सायन्सला ॲडमिशन झालं. दहावीपर्यंत सगळं मराठीत, अकरावीला पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. पहिल्या चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ७. केमिस्ट्रीला ९. घरात आम्हा दोघांनाही सायन्सची गंधवार्ता नाही. ती म्हणाली, “पेपर अवघड होता, सगळ्यांनाच कमी पडले.” सहामाहीला आणखी घसरली.

दिवाळीनंतर बदल दिसायला लागला. फोन आला की गच्चीवर. जेवताना लक्ष ताटात नाही. प्रॅक्टिकलची वही कोरी. मग जानेवारीत एक ओळखीचे गृहस्थ पाच कंदीलावर भेटले आणि हळूच म्हणाले, “भाऊ, राग मानू नका. तुमची मुलगी कॉलेजच्या टायमाला एका पोराच्या गाडीवर बघितली.”

तो मुलगा बावीस वर्षांचा. पोरगी सोळा पूर्ण, सतरावं चालू.

आता त्या वेळचे दिवस आठवा. फेब्रुवारी २०२३. लाल कांदा क्विंटलला चार-पाचशे रुपयांवर आलेला. सोलापूरला एका शेतकऱ्याला पाच क्विंटल कांद्याचे सगळे खर्च वजा जाऊन दोन रुपयांचा चेक मिळाला, तो हाच महिना. उमराण्याला ट्रॅक्टर घेऊन जायचं आणि भाड्याचा हिशोब करत परत यायचं. अशा वेळी घरातल्या माणसाचं डोकं कसं असतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. त्यात ही गोष्ट कानावर.

नातेवाइकांना कुठून कळतं देव जाणे, पण कळतं. आठ दिवसांत सल्ले सुरू झाले. सगळ्यांचे सल्ले सारखेच, आणि त्यांचा क्रमही ठरलेला. आधी मोबाईल काढून घे. मग कॉलेज बंद कर, बारावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो. मग एखादं स्थळ बघ. मोठे भाऊ तर म्हणाले, “नाशिकला कंपनीत आहे मुलगा, घरी बागायत आहे, हुंडा नाही काही नाही. एप्रिलमध्ये उरकून टाकू. उद्या काही झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

भाऊ वाईट माणूस नाही. माझ्या दोन्ही आजारपणांत रात्री जागलाय तो. त्याला पोरीचं वाईट करायचं नव्हतं, त्याला तिला ‘सुरक्षित’ करायचं होतं. आपल्याकडे बहुतेक पोरींची शाळा अशीच सुटते, दुष्ट माणसांमुळे नाही, काळजी करणाऱ्या माणसांमुळे.

त्या बैठकीत माझी आई कोपऱ्यात बसलेली होती. तेराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेली बाई. कधी मोठ्या माणसांत बोलत नाही. ती एवढंच बोलली, “पोरले शाळामाईन काढू नको रे भाऊ.” आणि उठून आत गेली. त्यावर कोणाला काही बोलता आलं नाही.

तिची मम्मी वेगळ्या कारणाने भडकली होती. गावात बालविवाह होऊ नये म्हणून सरकारने ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलंय आणि अंगणवाडी सेविकेला त्याच्या मदतीला दिलंय. ती म्हणाली, “दुसऱ्याच्या दारात जाऊन मी लग्न थांबवायचं आणि माझ्या दारात मांडव घालायचा?” कायदा सरळ आहे. मुलीला १८ पूर्ण, मुलाला २१ पूर्ण. त्याआधी लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला हातभार लावणारा, सगळ्यांना २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे पाचातली एक. हे आकडे कुठल्या लांबच्या राज्याचे नाहीत, आपल्या राज्याचे आहेत. आणि त्यातल्या किती जणींच्या बाबतीत ‘पोरीचं लक्षण बरं दिसत नाही’ एवढंच कारण असेल, तुम्हीच आपल्या गावातली लग्नं आठवून सांगा.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. फार शहाणपणाचं काही नाही.

पहिलं, त्याच रात्री दोघांनी मिळून पोरीला सांगितलं, “तुझं कॉलेज बंद होणार नाही. काहीही असलं तरी बंद होणार नाही. आता बोल.”

हे वाक्य आम्ही मुद्दाम सगळ्यात आधी बोललो. कारण ती गप्प का होती? मार्क सांगितले तर कॉलेज जाईल, मुलाचं सांगितलं तर कॉलेज जाईल, खोटं पकडलं तरी कॉलेज जाईल. आपण सावकाराकडे दागिना तारण ठेवतो तसं पोरीचं शिक्षण तिच्या वागण्यापोटी तारण ठेवलेलं असतं. एक हप्ता चुकला की जप्ती. अशा घरात कोणती पोरगी खरं बोलेल? पोरगा नापास झाला, पोरीच्या मागे फिरला, तर त्याची शाळा आपण सोडवतो का? त्याला क्लास लावतो, नाहीतर गाडी घेऊन देतो.

ती लगेच बोलली नाही. दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी मम्मीजवळ बोलली.

दुसरं, मार्कांचं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की मुलगा आला म्हणून मार्क गेले. तिच्या मम्मीने चाचणीचे पेपर आणि तारखा समोर ठेवल्या. पहिली चाचणी ऑगस्टची. मुलाशी ओळख दिवाळीनंतरची. म्हणजे मार्क आधी गेले, मुलगा नंतर आला. वर्गात काही कळत नव्हतं. क्लासमध्ये शंका विचारली तर सर म्हणायचे, हे दहावीत झालंय. घरी सांगायची सोय नाही, कारण ८६ टक्क्यांचे पेढे वाटलेले. मग दिवसभरात कोणीतरी एक जण विचारतो, “आज कसा गेला दिवस?” सोळा वर्षांच्या पोरीला त्याच्याशी बोलावंसं वाटणारच.

म्हणून मुलाच्या आधी आम्ही फिजिक्स हातात घेतलं. ओळखीतल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी पंधरा मिनिटांत दुखणं ओळखलं. पोरीला विषय येत होता, पण मराठीत. ॲक्सिलरेशन म्हटलं की ती अडायची, त्वरण म्हटलं की गणित सोडवायची. बाईंनी तिला वहीचे दोन रकाने करायला लावले. चाल – स्पीड. वेग – व्हेलॉसिटी. संवेग – मोमेंटम. जडत्व – इनर्शिया. बल – फोर्स. रोज दहा शब्द. दोन महिन्यांत वही भरली. वार्षिकला ती काठावर पास झाली, पण वर्गात काय चाललंय ते कळायला लागलं होतं. त्या वहीची झेरॉक्स पुढे तिच्या तीन मैत्रिणींनी नेली.

तिसरं, तो मुलगा. इथे जरा थांबून वाचा.

तो पिकअप चालवायचा. जात आमची नाही. घर भाड्याचं. नातेवाइकांनी त्याला नापास केला तो या तीन गोष्टींवर. आम्ही ठरवलं, या तीन गोष्टी तोंडातूनसुद्धा काढायच्या नाहीत. एक तर त्या खऱ्या कारणाच्या नाहीत. कष्ट करून गाडी चालवणारा पोरगा हलका नसतो. आणि दुसरं, या गोष्टी काढल्या की पोरगी त्याच्या बाजूने उभी राहते, आणि तिचं बरोबरच असतं.

मग तो योग्य का नव्हता? पोरीनेच हळूहळू सांगितलं. तो दिवसभर लाईव्ह लोकेशन मागायचा. इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडे. वर्गातल्या मुलांशीच काय, दोन मैत्रिणींशीही बोलायचं नाही. ‘प्रेम असेल तर आज प्रॅक्टिकलला जाऊ नको.’ तिच्या साठवलेल्या पैशातले तीन हजार गाडीच्या हप्त्याला नेलेले. हे सगळं ती सांगत होती आणि शेवटी म्हणत होती, “पण तो काळजी करतो माझी.”

तिच्या मम्मीने वाद घातला नाही. म्हणाली, “ठीक आहे. उद्या दोन तास प्रॅक्टिकल आहे. त्याला आधी मेसेज कर की दोन तास फोन बंद राहील. मग बघ.” दुसऱ्या दिवशी पोरीने बाहेर येऊन फोन चालू केला. २७ मिस्ड कॉल. आणि मेसेज असे, की ते इथे लिहिता येणार नाहीत. तिने स्वतः घरी येऊन फोन मम्मीच्या हातात दिला. आम्ही फोन काढून घेतला असता तर ते २७ कॉल तिला दिसलेच नसते. तिच्या मनात तो काळजी करणाराच राहिला असता, आणि आम्ही दुष्ट.

त्याच संध्याकाळी खरी भीती बाहेर आली. त्याच्याकडे तिचे फोटो होते. साधेच, पण कोणाच्याही हातात पडावेत असे नाहीत. बोलणं तोडलं तर तो ते पाठवेल, ही धास्ती तिला महिनाभर होती. विचार करा, कॉलेज बंद करून खोलीत बसवलेल्या पोरीने ही गोष्ट कोणाला सांगितली असती? आई-बाप हो, अशा बातम्या आपण वाचतो तेव्हा म्हणतो, ‘एवढं होतं तर घरी सांगायचं ना.’ सांगायला वाट ठेवलेली असावी लागते.

मी त्याला भेटलो. एकटा नाही, त्याच्या मामाला बरोबर घेऊन, दिवसाढवळ्या, चहाच्या टपरीवर. चार पोरं घेऊन जाऊन मारायचा सल्ला मिळाला होता, तो बाजूला ठेवला. मार खाल्लेला पोरगा पोरीच्या नजरेत हिरो होतो, जाती दोन असल्या की गाव पेटतं, आणि शेवटी बदनामी पोरीचीच होते. मी त्याला आवाज न चढवता कायदा सांगितला. २०१२ चा पॉक्सो कायदा. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा धरत नाही. ती स्वतः आली, तिचीही इच्छा होती, हे कोर्टात चालत नाही. आणि फोटो कोणाला पाठवला तर थेट पोलीस, तिथे मामाही मध्ये येणार नाही. पोरगा पांढरा पडला. “काका, मला हे कोणी सांगितलंच नाही.” मला वाटतं तो खरं बोलत होता. कोण सांगणार? शपथा पोरींना देतात, कायदा पोरांना कोणी शिकवत नाही. मामाने समोर बसून फोन तपासला, फोटो काढून टाकायला लावले, पासवर्ड पोरीने त्याच दिवशी बदलला.

हे वाचून वाटेल, झालं, सगळं सुरळीत. तसं नसतं. मधे एकदा ती परत त्याच्याशी बोलली. पंधरा दिवस घरात तोंडं फिरलेली. तिला रात्री झोप लागायची नाही, जेवण तुटलं. त्या वेळी १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन केला. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. वेड लागलेल्यांचा नंबर आहे असं समजू नका. साधारण चार महिने गेले तेव्हा ती पहिल्यासारखी हसायला लागली.

बारावीला ६४ टक्के पडले. डॉक्टर व्हायचं होतं, ते झालं नाही. त्याचं वाईट तिलाही वाटलं आणि आम्हालाही. सीईटी देऊन ती आता बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत येऊन मला डाळिंबावरच्या तेल्याबद्दल ऐकवते. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी लक्षात ठेवा. ‘पोरीच्या फीला पैसे कुठून आणू’ हे कारण निम्मं तरी संपलंय. बारावीपर्यंत एसटीचा पासही मुलींना फुकट आहे.

एप्रिल २०२३ मध्ये भावाचं ऐकलं असतं तर आज तिच्या कडेवर मूल असतं, आणि आम्ही सगळे म्हणालो असतो, ‘पोरगी सुखात आहे.’

आता परत ठरावांकडे येतो. गावाने ठराव करूच नये असं माझं म्हणणं नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये सुरू केलेलं बघा. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, दीड तास अभ्यास. तिथे नियम फक्त पोरींना नाही, आजीच्या सिरियललाही आहे आणि बापाच्या मोबाईललाही आहे. ठराव असा पाहिजे, ज्यात मोठ्यांनाही काही सोडावं लागतं.

आपल्याकडे करायचे तर हे करा. एक, दहावीच्या निकालानंतर जूनमध्ये मराठी माध्यमातून सायन्सला जाणाऱ्या पोरांसाठी महिनाभराचा शब्दांचा वर्ग. गावात निवृत्त शिक्षक आहेत, समाजमंदिर रिकामं आहे, खर्च फक्त खडूचा. दोन, वर्षातून दोनदा पोरांची बैठक घ्या. पोरांची म्हणतोय, पोरींची नाही. पॉक्सो काय आहे आणि नाही म्हणजे काय, हे त्यांना पोलिसांकडून नाहीतर वकिलाकडून ऐकवा. तीन, कॉलेज सुटायच्या वेळेला एसटी मिळते का ते बघा. दोन-दोन तास स्टँडवर पोरी उभ्या ठेवायच्या आणि मग कोणाच्या गाडीवर बसली म्हणून ओरडायचं, हे बरोबर नाही. चार, अठराच्या आत गावात लग्न लागणार नाही, लागलं तर सरपंच जेवायला जाणार नाही, हा ठराव करा. आहे का तयारी?

आणि घरातला ठराव प्रत्येकाने आजच करा. पोरीला समोर बसवून सांगा की तुझं शिक्षण आम्ही कशाच्याही बदल्यात मागून घेणार नाही. मार्क कमी पडले, कोणी आवडलं, कोणी त्रास दिला, फोटोवरून धमकावलं, काहीही झालं तरी. चिडायचं असेल तर चिडू, रागवायचं असेल तर रागवू, पण कॉलेज चालू राहील.

कुठे लहान पोरीचं लग्न ठरतंय असं कळलं, किंवा एखाद्या पोरीला घरी सांगता येत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर चोवीस तास चालू असतो. नाव सांगावं लागत नाही. हा नंबर पोरींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

पटलं नाही तर खाली लिहा, भांडू आपण. फक्त कमेंटमध्ये कोणाच्या पोरीचं नाव घेऊ नका, आणि ‘ती कोण, तो कोण’ हे शोधत बसू नका. तुमच्या आजूबाजूला अशा दहा पोरी आहेत, तिकडे बघा.

– एक बाप, देवळा